ॲलर्जी : कारण ओळखा, तपासून घ्या, दूर ठेवा

पावसाळा सुरू झाला आणि बांधावर, पडीक जमिनीत व रस्त्याच्या कडेला गाजर गवत माजले की अनेक शेतकऱ्यांच्या मानेला, पापण्यांना आणि कोपराच्या आतील बाजूस खाज सुटते. कोणी त्याला घामोळे म्हणतो, कोणी उष्णता, तर कोणी खरूज. दुकानातून मलमाची एखादी ट्यूब आणून लावली जाते. चार दिवस बरे वाटते, पण शेतात गेले की पुन्हा खाज सुरू होते. असे करता करता कातडी जाड व काळसर होते आणि शेवटी स्वतःच्याच शेतात पाऊल टाकणे अवघड होऊन बसते.

हा त्रास बहुधा ॲलर्जीचा असतो. ॲलर्जीच्या बाबतीत एक गोष्ट मुळात लक्षात घेतली पाहिजे. ॲलर्जी ही "सगळ्याची" नसते, ती ठरावीक पदार्थाची असते. तो पदार्थ कोणता हे नक्की कळले तर निम्मे काम झाले, असे समजण्यास हरकत नाही. कारण न शोधता केवळ औषध लावत राहणे म्हणजे गळक्या चारीतून पिकाला पाणी देण्यासारखे आहे. म्हणून ॲलर्जी म्हणजे काय, शेतकरी कुटुंबात ती कशाकशाची आढळते, तिची तपासणी कशी होते आणि काळजी कशी घ्यावी याची माहिती या लेखात दिली आहे.

ॲलर्जी म्हणजे काय?

आपल्याकडे "मला अमुक पदार्थाचे वावडे आहे" असे म्हणतात. ॲलर्जी या शब्दाचा अर्थ बराचसा तोच आहे. हा शब्द १९०६ मध्ये व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रथम वापरला. शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक संरक्षक यंत्रणा असते. परागकण, शेंगदाणा, गवताचा रस असे पदार्थ बहुतेकांना निरुपद्रवी असतात. परंतु काही व्यक्तींच्या शरीरातील ही यंत्रणा अशा पदार्थालाच शत्रू समजते आणि त्यावर तुटून पडते. त्रास होतो तो पदार्थापेक्षा या चढाईमुळे.

ही ओळख पटायला वेळ लागतो. पहिल्या काही वेळच्या संपर्कात बाहेरून काहीच दिसत नाही, मात्र शरीर आतून त्या पदार्थाविरुद्ध सज्ज होत असते. त्यानंतर केव्हातरी थोडासा संपर्कही पुरतो. "गेली वीस वर्षे मी हेच गवत उपटतो आहे, तेव्हा काही झाले नाही, मग आताच कसे होईल?" असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. त्याचे उत्तर हेच आहे. वीस वर्षांचा संपर्क हा ॲलर्जी नसल्याचा पुरावा नव्हे. उलट, पुष्कळदा तोच तिचे कारण असतो.

ॲलर्जीचे दोन मुख्य प्रकार ध्यानात ठेवावेत, कारण दोहोंची तपासणी वेगळी आहे.

१) तात्काळ होणारी ॲलर्जी : संपर्कानंतर काही मिनिटांत, फार तर एक-दोन तासांत त्रास सुरू होतो. अंगावर गांधी उठणे, ओठ व पापण्या सुजणे, शिंका, नाक गळणे, दमा, उलटी ही याची लक्षणे होत. रक्तातील आय.जी.ई. नावाची प्रथिने यास कारणीभूत असतात. त्यांचा शोध १९६६-६७ च्या सुमारास लागला.

२) उशिरा होणारी ॲलर्जी : हिची लक्षणे साधारणपणे एक ते तीन दिवसांनी दिसतात. कातडी लाल होणे, बारीक फोड येणे, पाणी सुटणे, नंतर भेगा पडून कातडी जाड होणे असा क्रम असतो. गाजर गवतामुळे होणारा इसब मुख्यतः या प्रकारात मोडतो. सोमवारी केलेल्या निंदणीचा त्रास बुधवारी दिसत असल्याने शेतकऱ्याला खरे कारण लक्षात येत नाही.

गाजर गवत : सर्वांत महत्त्वाचे कारण

गाजर गवत किंवा काँग्रेस गवत हे मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण भागातील तण आहे. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात आढळले व तशी नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली. परदेशातून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. चांगल्या वाढलेल्या एका झाडापासून १५ ते २५ हजारांपर्यंत बिया तयार होतात. बी अत्यंत हलके असून वारा, पाणी, वाहने, शेणखत यांबरोबर पसरते. ओल मिळाली की ते वर्षातील कोणत्याही हंगामात उगवते.

पुणे परिसरात या गवतामुळे त्वचारोग होत असल्याचे १९६० च्या दशकाच्या अखेरीस डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९७४ मध्ये डॉ. लोणकर व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी या रोगावर सविस्तर शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला. या झाडातील पार्थेनिन हे द्रव्य त्यास प्रामुख्याने जबाबदार आहे. पानांवरील व खोडावरील बारीक लवेत ते असते. झाड वाळले तरी त्याचा गुण जात नाही. वाळलेल्या झाडाचा भुगा वाऱ्याबरोबर उडतो आणि गवताला हात न लावणाऱ्याच्या अंगावरही बसतो.

लक्षणे : सुरुवातीस पापण्या, मान, कानामागील भाग, कोपर व गुडघ्याच्या आतील वळ्या येथे खाज सुटून कातडी लाल होते. उडणारा भुगा अशा वळ्यांतच साठतो. पुढे पुढे ऊन लागणारा उघडा भागही सापडतो. रोग जुना झाल्यावर चेहऱ्याची व मानेची कातडी जाड होऊन तिला खोल घड्या पडतात. काहींना उन्हात उभे राहणेही सहन होत नाही. पावसाळ्यात गवत वाढले की त्रास वाढतो आणि गाव सोडून काही आठवडे दुसरीकडे राहिले की कमी होतो. हा फरक निदानाच्या दृष्टीने फार उपयोगी आहे.

याच कुळातील शेवंती व सूर्यफूल यांमध्येही मिळतीजुळती द्रव्ये असल्याने गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या काही व्यक्तींना या पिकांचाही त्रास होतो. शेवंतीची तोडणी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. गाजर गवताच्या परागकणांमुळे शिंका, नाक व डोळे गळणे, दमा असा तात्काळ प्रकारचा त्रासही होऊ शकतो.

बिब्बा, काजू आणि आंब्याचा चीक

बिब्बा उतल्याने अंगावर फोड आल्याचे आपण सर्वांनी पाहिले आहे. बिब्ब्याचे तेल मुळात दाहक आहे आणि शिवाय ॲलर्जीही निर्माण करते. बिब्बा, काजू व आंबा ही एकाच कुळातील झाडे आहेत. काजूच्या टरफलातील तेलामुळे बी फोडणाऱ्या कामगारांच्या बोटांना इसब होतो. आंबा काढताना देठातून उडणारा चीक चेहऱ्यावर व हातावर पडल्यास पुरळ उठते. म्हणून काजू फोडताना हातमोजे वापरावेत किंवा बोटांना खाण्याचे तेल चोळावे. आंबा देठासह काढावा आणि चीक उडाल्यास लगेच साबणाने धुवावे. दुखण्यावर घरगुती उपाय म्हणून बिब्बा लावण्याची पद्धत पूर्णपणे बंद करावी.

धूळ, बुरशी आणि श्वासाचे विकार

मळणी, उफणणी, कडबा कुट्टी, कोंबड्यांच्या शेडची सफाई या कामांत बारीक धूळ नाकातोंडात जाते. त्यात परागकण, बुरशीचे बीजाणू, कीटकांचे अवशेष व सूक्ष्म कोळी असतात.

धुळीतील एकच पदार्थ किती अनर्थ करू शकतो याचे उदाहरण स्पेनमधील बार्सिलोना शहराचे आहे. तेथे १९८१ ते १९८७ या काळात ठरावीक दिवशी अचानक पुष्कळ लोकांना एकाच वेळी दम्याचा तीव्र झटका येई. शोध घेता असे आढळले की, त्या त्या दिवशी बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवले जात होते आणि त्याची धूळ वाऱ्याने शहरात पसरत होती. कोठाराला गाळणी बसवल्यावर या साथी थांबल्या. औषधे तीच होती, माणसेही तीच होती. कारण सापडले आणि ते अडवले, एवढाच फरक. आपल्याकडे सोयाबीनची मळणी करणाऱ्यांनी यावरून बोध घ्यावा. मळणी यंत्राच्या वाऱ्याच्या दिशेस उभे राहू नये. नाकातोंडावर साधा रुमाल पुरेसा नसतो, तेव्हा बारीक धूळ अडवणारा एन-९५ प्रकारचा मास्क वापरावा.

बुरशी आलेला कडबा, वैरण किंवा उसाची चिपाडे हाताळल्यानंतर काही जणांना ४ ते ८ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला व धाप लागते. दुसऱ्या दिवशी बरे वाटत असल्याने तो साधा ताप समजला जातो. हा फुप्फुसाचा वेगळ्या प्रकारचा ॲलर्जिक विकार आहे. वारंवार असे होत राहिल्यास फुप्फुसाला कायमची इजा होते. धिंगरी अळिंबीच्या बीजाणूंमुळेही असाच त्रास होऊ शकतो. म्हणून अळिंबीच्या कडा वर वळून बीजाणू गळू लागण्यापूर्वीच काढणी करावी. खोलीत खेळती हवा ठेवावी व काम करताना मास्क वापरावा. वैरण चांगली वाळवूनच गंजी लावावी.

अन्नाची ॲलर्जी

दूध, अंडी, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचफळे, मासे, कोळंबी व खेकडा, गहू, सोयाबीन आणि तीळ या पदार्थांची ॲलर्जी जगभर अधिक आढळते. आपल्या देशात हरभरा व वांगे यांची ॲलर्जी असलेले रुग्णही आढळले आहेत. लहान मुलांमधील दूध व अंड्याची ॲलर्जी बहुधा वय वाढेल तशी जाते. शेंगदाणा व माशांची ॲलर्जी मात्र बहुतेकांत टिकून राहते.

प्रत्येक न मानवणारे अन्न म्हणजे ॲलर्जी नव्हे. दूध प्यायल्यावर फक्त पोट फुगणे व जुलाब होणे हा पुष्कळदा दुधातील साखर न पचल्याचा परिणाम असतो. अशा व्यक्तीस दही-ताक चालते. दुधाची ॲलर्जी असलेल्यास मात्र दही, पनीर, पेढा यांपैकी काहीच चालत नाही. तसेच फवारणीनंतर घाम सुटणे, लाळ गळणे, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलट्या होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. त्याला ॲलर्जी समजून गोळी देत बसू नये. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी बरोबर घेऊन रुग्णास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

पूर्वी ॲलर्जीच्या भीतीने लहान बाळांना शेंगदाणा उशिरा देण्याचा सल्ला दिला जाई. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडन येथील अभ्यासात याच्या उलट दिसून आले. ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले गेले, त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. तेव्हा वरचे अन्न सुरू केल्यावर दाण्याचे बारीक कूट पातळ पेजेत किंवा खिरीत कालवून द्यावयास हरकत नाही. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांखालील मुलास देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकू शकतो. बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रक्रिया उद्योग व बचत गटांसाठी सूचना : चटणी, लाडू, मसाले, बेकरी पदार्थ विकणाऱ्या शेतकरी भगिनींवर याबाबतीत मोठी जबाबदारी आहे. अन्न सुरक्षा व मानके (लेबलिंग व प्रदर्शन) विनियम, २०२० नुसार ग्लुटेनयुक्त तृणधान्ये, कोळंबी-खेकडा वर्गातील जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणा व कवचफळे, सोयाबीन यांचा वापर असल्यास तशी माहिती वेष्टनावर देणे आवश्यक आहे. प्रति किलो १० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सल्फाइट असल्यास तेही नमूद करावे लागते. गंधकाची धुरी दिलेल्या बेदाण्यात सल्फाइट राहते व दमा असलेल्या काही व्यक्तींना त्याने झटका येऊ शकतो. ज्या चक्कीत दाण्याचे कूट केले, तीच न धुता तिळाच्या किंवा जवसाच्या चटणीसाठी वापरली, तर दाण्याचा अंश त्यात जातो. गिऱ्हाइकाला तो डोळ्यांनी दिसत नाही. त्याला सावध करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे आपण वेष्टनावर लिहिलेला मजकूर.

कारण कसे शोधावे?

पहिली पायरी – नोंदवही : डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग होतो तो रुग्णाने ठेवलेल्या नोंदीचा. दुधाचा हिशेब ठेवतो त्याप्रमाणे साध्या वहीत दोन-तीन आठवडे पुढील गोष्टी लिहाव्यात.

१) तारीख, त्रास सुरू झाल्याची वेळ व तो किती वेळ टिकला.
२) त्रास शरीराच्या कोणत्या भागावर झाला.
३) त्याआधीच्या दोन तासांत काय खाल्ले, कोणते औषध घेतले, कोणता कीटक चावला.
४) मागील तीन दिवसांत कोणती कामे केली. उदाहरणार्थ निंदणी, मळणी, काढणी, गोठ्याची सफाई, फवारणी.
५) गाव सोडून बाहेर गेल्यावर त्रास कमी झाला का.

दुसरी पायरी – योग्य तपासणी : कोणती तपासणी करावयाची हे नोंदीवरून व लक्षणांवरून डॉक्टर ठरवतात. सोय बहुधा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा तज्ज्ञांकडे असते.

अ) पॅच तपासणी : उशिरा होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीसाठी ही तपासणी करतात. तिची सुरुवात १८९५ मध्ये योझेफ याडासोन यांनी केली. संशयित पदार्थांचे अल्प प्रमाण पट्ट्यांद्वारे पाठीवर चिकटवतात. पट्ट्या ४८ तास ठेवून काढतात व पाठ पाहतात. पुढे ७२ ते ९६ तासांनी पुन्हा पाहतात. या काळात पाठ भिजू देऊ नये व घाम येणारे काम करू नये. भारतात वापरल्या जाणाऱ्या पदार्थसंचात गाजर गवताचा समावेश आहे. रोग फार भडकलेला असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही तपासणी सहसा करत नाहीत.

ब) प्रिक तपासणी : तात्काळ होणाऱ्या ॲलर्जीसाठी हातावर पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात. १५ ते २० मिनिटांत उठणाऱ्या गांधीचा आकार मोजतात. साध्या द्रवाच्या तुलनेत गांधी ३ मिलिमीटर किंवा अधिक मोठी असल्यास तपासणी होकारार्थी समजतात. ॲलर्जीच्या गोळ्यांमुळे निकाल चुकतो. त्या किती दिवस आधी बंद करावयाच्या हे डॉक्टरांना विचारावे. ही तपासणी आणीबाणीची सोय असलेल्या ठिकाणीच करावी.

क) रक्ततपासणी : विशिष्ट पदार्थाविरुद्धचे आय.जी.ई. मोजतात. गोळ्या बंद करता येत नसतील किंवा त्वचा फार खराब असेल तर ही उपयोगी पडते.

येथे एक सावधानता बाळगावी. तपासणी होकारार्थी येणे आणि ॲलर्जीचा आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या पदार्थाने आजवर कधी त्रास झाला नाही, तो केवळ अहवालात आला म्हणून आहारातून काढू नये. शंभर-दोनशे पदार्थांची एकदम यादी देणाऱ्या आय.जी.जी. प्रकारच्या महागड्या तपासण्या किंवा केसांवरून ॲलर्जी सांगणाऱ्या तपासण्या यांना शास्त्रीय आधार नाही. अशा यादीवरून मुलांचे दूध, डाळ, अंडी बंद केल्यास कुपोषण मात्र होते. अन्नाच्या ॲलर्जीबाबत शंका राहिल्यास तो पदार्थ रुग्णालयात देखरेखीखाली थोडा थोडा खाऊ घालून खात्री करतात. असा प्रयोग घरी करू नये. त्याचप्रमाणे गाजर गवत अंगाला चोळून पाहण्याचा प्रयोगही कोणी करू नये.

उपचार व दैनंदिन काळजी

१) गाजर गवताची ॲलर्जी असलेल्या व्यक्तीने ते गवत उपटण्याचे काम मुळीच करू नये. ते घरातील किंवा गावातील इतरांनी करावे.
२) शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पायजमा, डोक्याला व मानेला कापड, पायात बूट असावेत. घरी आल्यावर लगेच आंघोळ करून कपडे बदलावेत. कामाचे कपडे वेगळे धुवावेत व गाजर गवत असलेल्या जागी वाळत घालू नयेत.
३) त्वचा कोरडी पडू देऊ नये. आंघोळीनंतर खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे.
४) स्टेरॉइडचे मलम गुणकारी आहे, परंतु कोणते, कोठे व किती दिवस लावावयाचे हे डॉक्टरांनीच ठरवावे. दुकानातून मनाने आणलेल्या तीव्र मलमाने कातडी पातळ होते, नायटा असल्यास तो पसरतो आणि खरा आजार झाकला जातो.
५) जुनाट रोगात त्वचारोगतज्ज्ञ ॲझाथायोप्रिनसारखी औषधे देतात. ती चालू असताना ठरलेल्या वेळी रक्ततपासणी करणे आवश्यक असते.
६) दम्यासाठी दिलेला श्वासाचा पंप नियमित घ्यावा. पंपाची सवय लागते हा गैरसमज आहे. बरे वाटले म्हणून तो मनाने बंद करू नये.
७) परागकण व धुळीतील कोळी यांच्या ॲलर्जीवर काही रुग्णांना इम्युनोथेरपीचा उपयोग होतो. हा उपचार साधारणपणे ३ ते ५ वर्षे चालतो व तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा.

प्राणघातक ॲलर्जी : वेळ दवडू नका

मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश, एखादे अन्न अथवा औषध यांमुळे काही व्यक्तींना काही मिनिटांत सर्व शरीराची तीव्र ॲलर्जी होते. अंगभर गांधी उठणे, जीभ व घसा सुजणे, आवाज बसणे, धाप लागणे, चक्कर येऊन कोसळणे ही लक्षणे दिसतात. दंशाच्या जागी फक्त सूज येणे ही साधी बाब आहे, पण दंश हाताला आणि त्रास श्वासाला असेल तर जिवाला धोका आहे असे समजावे. अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे.

१) १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावे.
२) यावरील पहिले औषध म्हणजे मांडीच्या बाहेरील बाजूस स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन होय. ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइडचे इंजेक्शन हा त्याला पर्याय नाही.
३) रुग्णास आडवे झोपवून पाय उंच ठेवावेत. धाप लागत असल्यास बसू द्यावे. त्याला उभे करू नये किंवा चालवू नये.
४) मधमाशीचा काटा रुतला असल्यास लगेच खरवडून काढावा. मंत्र-तंत्र, चुना यात वेळ घालवू नये.
५) बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात थांबावे, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

एकदा असा प्रसंग घडलेल्या व्यक्तीने मधमाश्यांच्या पेट्यांजवळ काम करू नये. आपल्या ॲलर्जीची चिठ्ठी सतत खिशात बाळगावी आणि घरच्यांना व सालदाराला तिची कल्पना देऊन ठेवावी.

गाजर गवताचे निर्मूलन : हे काम गावाचे

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला माणूस शेंगदाणा सोडू शकतो. गाजर गवताची ॲलर्जी असलेला शेतकरी मात्र वारा सोडू शकत नाही. त्याने स्वतःचा बांध कितीही स्वच्छ ठेवला तरी शेजारच्या पडीक रानातून भुगा व बी येतच राहते. म्हणून येथे औषधोपचाराइतकेच महत्त्व सामूहिक निर्मूलनाला आहे.

१) पावसाळ्यात जमीन ओली असताना व झाड फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. हातमोजे, पूर्ण बाह्या व नाकाला मास्क लावूनच काम करावे. फुलोऱ्यानंतर उपटल्यास बी व परागकण अधिक पसरतात.
२) फुलावर न आलेल्या झाडांचे खड्ड्यात कंपोस्ट करावे. बी धरलेली झाडे खतात वापरू नयेत, ती खोल पुरावीत. वाळलेल्या गवताचे ढीग वाऱ्यावर उघडे ठेवू नयेत.
३) पडीक जागी पावसाळ्यापूर्वी टाकळ्याचे (तरोट्याचे) बी टाकावे. त्याच्या दाट वाढीपुढे गाजर गवत मागे पडते.
४) झायगोग्रामा बायकोलोराटा या मेक्सिकन भुंग्याचे प्रौढ व अळ्या गाजर गवताची पाने खातात. हा भुंगा १९८४ मध्ये बंगळूर येथे प्रथम सोडण्यात आला. तो पावसाळ्यात जमिनीतून वर येतो. जेथे तो भरपूर आहे तेथून भोके पाडलेल्या डब्यात पाला घालून शेकड्याने गोळा करावा व दुसऱ्या दाट जागी सोडावा. अशा जागी कीटकनाशक फवारू नये.
५) पिकातील बंदोबस्तासाठी तणनाशक वापरावयाचे असल्यास ते त्या पिकासाठी शिफारस केलेलेच असावे. त्यासाठी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.
६) गायरान, शाळेचे मैदान, पाणवठा, रस्त्याच्या कडा या जागा कोणाच्याच नसतात, म्हणून तेथेच गवत सर्वांत जास्त माजते. ग्रामपंचायतीने त्यासाठी दिवस ठरवून श्रमदान घ्यावे. जबलपूर येथील तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्याचा फायदा घ्यावा. मात्र सप्ताहाच्या वेळी अनेक झाडे फुलावर आलेली असतात. तेव्हा पहिली फेरी जुलैमध्येच पूर्ण करावी.

जनावरांच्या दृष्टीनेही हे तण घातक आहे. वैरण कमी असताना ते खाण्यात आल्यास जनावरांना त्वचेचे विकार होतात व दूध कडवट लागते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, ॲलर्जी हा नशिबाचा भोग नाही आणि अंगात मुरलेली उष्णताही नाही. तिला ठरावीक कारण असते व ते शोधता येते. येत्या हंगामात ज्यांना असा त्रास होईल त्यांनी मलमाची ट्यूब आणण्याआधी वही उघडावी, नोंद करावी व ती घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. ज्यांना त्रास नाही त्यांनी आपल्या बांधावरील गाजर गवत फुलण्यापूर्वी उपटावे. शेजाऱ्याला त्याच्या शेतात सुखाने काम करता यावे यासाठी तेवढे आपण निश्चितच करू शकतो.